सार्वजनिक आरोग्याची आंखणी आणि आपण खातेदार

महसूल खात्याच्या कारकुनींत आमच्या आयुष्याचीं तीस वर्षें गेलीं. त्या काळांत जमिनीच्या खरेदी-विक्रीचे हजारों फेरफार आमच्या नजरेखालून गेले. फेरफाराच्या नोंदींत देणाराचें नांव असतें, घेणाराचें असतें, गट नंबर, क्षेत्र व मोबदला असतो. परंतु जमीन कां विकावी लागली हें लिहिण्यास त्यांत रकाना नाहीं. तथापि कचेरीच्या ओट्यावर ताटकळत बसलेला खातेदार तें कारण आपण होऊन सांगतो. इतक्या वर्षांच्या श्रवणावरून आमची अशी समजूत झाली आहे कीं, वसई तालुक्यांतील ज्या वाड्या व भातखाचरें बिल्डराच्या मोहानें गेलीं असें आपण म्हणतों, त्यांतील बरींच मूळचीं दवाखान्याच्या बिलापायीं गेलीं आहेत. आधीं आजारपण, मग उसनवारी, मग गहाण आणि शेवटीं विक्री, असा हा क्रम आहे. तेव्हां शेतकीच्या मासिकांत सार्वजनिक आरोग्याची चर्चा कशाला, अशी शंका कोणा वाचकाच्या मनांत आल्यास तिचें उत्तर एवढेंच कीं, जमीन राखावयाची असेल तर प्रथम माणूस राखला पाहिजे; आणि माणूस राखण्याची व्यवस्था कोण, कोठें व कशाच्या आधारावर आंखतो, हें खातेदारास ठाऊक पाहिजे.

चार पावसाळ्यांपूर्वी आमच्या एका आप्तांवर आलेला प्रसंग येथें सांगतों. रात्रीं खाचराचा बांध फुटल्याचें कळल्यावरून ते बॅटरी घेऊन शेतावर गेले असतां त्यांस घोणस चावली. जवळच्या दवाखान्यांत नेलें तों तेथें रात्रीं डॉक्टर नव्हते. दुसऱ्या ठिकाणीं डॉक्टर होते, परंतु सर्पविषावरील लस संपली होती. तिसऱ्या ठिकाणीं ती मिळाली, पण मध्यें तीन तास गेले. घोणशीच्या विषानें मूत्रपिंडें बिघडतात, तीं बिघडलीं. गृहस्थ वांचले ही ईश्वराची कृपा. मात्र रुग्णालयाचें बिल भागवितांना वाडीचा चौदा गुंठ्यांचा तुकडा त्यांच्या नांवावरून कमी झाला. ह्यांत अमक्या डॉक्टराचा किंवा तमक्या दवाखान्याचा दोष, असें आम्ही म्हणत नाहीं. पावसाळ्यांत त्या टापूंत सर्पदंश किती होतात, त्यांस लस किती लागेल व ती रात्रीं कोठें मिळेल, हें मृगापूर्वींच कोणीं तरी मोजून ठेवावयास पाहिजे होतें. तें मोजलें गेलें नव्हतें. आरोग्याची आंखणी म्हणतात ती हीच, आणि ती नसली म्हणजे काय होतें तें आमच्या आप्तांच्या सात-बारावर लिहिलेलें आहे.

कायदा ह्या बाबतींत मुका नाहीं. १९९२ सालच्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनीं राज्यघटनेस ज्या दोन अनुसूची जोडल्या, त्यांपैकीं अकरावींत पंचायतींच्या विषयांमध्यें रुग्णालयें, प्राथमिक आरोग्य केंद्रें व दवाखाने यांचा उल्लेख आहे, आणि बारावींत नगरपालिकांच्या विषयांमध्यें सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता यांचा. महानगरपालिकांचा अधिनियम मूळचा १९४९ सालचा आहे. त्याच्या ६३ व्या कलमांत पालिकेचीं आवश्यक कर्तव्यें सांगितलीं असून सार्वजनिक रुग्णालयें व दवाखाने चालविणें आणि धोकादायक रोगांचा फैलाव थांबविणें हीं त्यांत मोडतात. ६६ व्या कलमांतील कामें पालिकेनें इच्छेस येईल तर करावीं. ६३ व्या कलमांतील कामें इच्छेवर सोडलेलीं नाहींत. म्हणजे दवाखाना ही कोणा पुढाऱ्याची मेहेरबानी नव्हे. घरपट्टी भरणें हें जसें आपलें कर्तव्य, तसें दवाखाना चालविणें हें पालिकेचें.

असें असतां आपल्या भागांत घोटाळा कां होतो? त्याचें एक कारण अंमलाच्या वारंवार झालेल्या अदलाबदलींत आहे. १९९० सालापासून ह्या उपप्रदेशाचें नियोजन सिडकोकडे होतें. तिनें केलेला विकास आराखडा ९ फेब्रुवारी २००७ रोजीं मंजूर झाला. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपालिका आणि ५३ गांवें एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. पश्चिमेकडील बागायती गांवांचा त्यास मोठा विरोध झाला, आणि ३१ मे २०११ रोजीं २९ गांवें वगळण्याचा निर्णय निघाला. तो उच्च न्यायालयांत अडकला. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला, तेव्हां जिल्ह्याची कचेरीही बदलली. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें तीं २९ गांवें पालिकेंतच ठेवण्याचें शासनानें ठरविलें. मध्यंतरीं २०२० सालीं पालिकेच्या दुसऱ्या सभेची मुदत संपली आणि त्यानंतर पांच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार चालला. गांवें पालिकेंत असावीं कीं नसावीं, ह्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नकाशावरील रेघ कोठें असावी ह्याचा विचार होत असतां डास आणि साप रेघ पाहून थांबले नाहींत. गांव कोणाच्याही अंमलाखालीं असो, त्यांतील रोग्यांची मोजणी त्या दिवसापासून त्या अंमलाची असते. हा हिशेब ज्यानें त्यानें दुसऱ्याकडे ढकलला म्हणजे मधल्या मध्यें रोगी राहतो.

आतां मोजणीविषयीं. पिकाची पैसेवारी कशी ठरते हें वाचकांस सांगावयास नको. नमुन्याचे प्लॉट निवडावयाचे, पीक कापावयाचें, झोडून वजन करावयाचें आणि मग आंकडा लिहावयाचा. तलाठ्यानें चावडींत बसून आंकडा लिहूं नये असा नियम आहे. लिहिला गेल्यास आपणच प्रथम ओरड करतों. परंतु आपल्या गांवचें आरोग्य चावडींत बसून लिहिलें जातें, त्याबद्दल ओरड होत नाहीं. १९४६ सालच्या भोर समितीनें चाळीस हजार लोकांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें असें सुचविलें होतें. सध्यांचें प्रमाण ग्रामीण सपाट प्रदेशांत तीस हजारांस एक व आदिवासी भागांत वीस हजारांस एक असें आहे. आणि २०१३ सालच्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानें शहरांत पन्नास हजारांस एक असें ठरविलें. २०११ च्या शिरगणतींत आपल्या पालिकेची वस्ती १२ लाख २२ हजारांच्या घरांत होती. त्या हिशेबानें तेव्हांच पंचवीस केंद्रें लागत होतीं. २०२१ ची गणती झालीच नाहीं. पुढली २०२७ सालची म्हणून जाहीर झाली आहे. मध्यंतरीं नालासोपाऱ्यांत व विरारच्या पूर्वेस किती माणसें वाढलीं हें आगगाडीनें प्रवास करणारा कोणीही सांगेल. पंधरा वर्षांपूर्वींच्या मोजणीवर आजची पैसेवारी काढावी, तसा हा प्रकार आहे.

शिवाय डोकीं मोजल्यानें काम संपत नाहीं. गांव शहरांत गेलें म्हणजे तीस हजारांचें प्रमाण जाऊन पन्नास हजारांचें येतें. पण गांवांतील सापही शहराबरोबर कमी होतात असें नाहीं. चाळींच्या दाटींत क्षय व डेंग्यू यांचा जोर, पश्चिमेच्या वाड्यांतून वृद्धांचा मधुमेह व रक्तदाब, पूर्वेस डोंगरालगतच्या पाड्यांतून बाळंतपण, कुपोषण व सर्पदंश, असा प्रत्येक टापूचा रोग निराळा. एकाच सांच्याचे दवाखाने सर्वत्र ठेवणें म्हणजे केळीस व भातास एकच खत घालणें होय. १८५४ सालीं लंडन शहराच्या सोहो भागांत पटकीची सांथ आली असतां जॉन स्नो नांवाच्या डॉक्टरनें मेलेल्यांचीं घरें शोधून काढलीं व तीं नकाशावर मांडलीं. तीं एका सार्वजनिक पंपाभोंवतीं दाटलेलीं आढळलीं, आणि त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. त्या वेळीं पटकीचा जंतु लोकांच्या ओळखीचा नव्हता, पण कोणत्या घरांत कोण मेलें ह्याची नोंद कामास आली. आपल्याकडे जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या अधिनियमानें सक्तीची आहे. ती नोंद दाखल्यापुरती राहूं नये. प्रत्येक प्रभागांत व गांवांत गेल्या तीन वर्षांत डेंग्यू, हिंवताप, लेप्टो, क्षय व सर्पदंश किती झाले, त्यांत किती दगावले, ह्याचें पत्रक मे महिन्यांत प्रभाग कचेरीच्या फळ्यावर लागावें. त्यांत कोणा रोग्याचें नांव असूं नये. गांवाचें नांव मात्र असावें. औषधांची व लसीची मागणी त्या पत्रकावरून निघावी.

मोजणीनंतर जागा. आम्हीं जन्मभर जमिनीचे कागद पाहिले म्हणून ह्या बाबतींत अंमळ जोरानें लिहितों. दवाखाना, सांडपाणी शुद्ध करण्याचें केंद्र, कचरा टाकण्याची जागा, हीं सर्व आराखड्यांत आरक्षणें म्हणून दाखविलीं जातात. आरक्षण दाखविलें म्हणजे दवाखाना झाला असें नव्हे. नालासोपारा पूर्वेस अगरवाल नगरींत सांडपाण्याच्या केंद्रासाठीं व कचराभूमीसाठीं राखलेल्या जमिनीवर एकेचाळीस बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. त्या एका रात्रींत उभ्या राहिल्या नाहींत. उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून नोव्हेंबर २०२४ पासून त्या पाडण्यास सुरुवात झाली व २०२५ च्या आरंभीं तें काम पुरें झालें. शेंकडों कुटुंबांचे जन्मभराचे पैसे मातींत गेले. घरेंही गेलीं आणि इतकीं वर्षें ती जमीन सांडपाण्याच्या कामीं आली नाहीं ती नाहींच. आरोग्याच्या जागेवर कोणी विटा रचूं लागला तर पहिल्या विटेच्या दिवशींच शेजारच्या खातेदारानें लेखी तक्रार द्यावी. चौथ्या मजल्यानंतरची तक्रार गरिबांच्याच जिवावर येते.

ह्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या वर्गास लागू पडते. स्वतःच्या जमिनीवर दवाखान्याचें आरक्षण पडलेलें दिसलें कीं आपण वकील गांठतों. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमाप्रमाणें आराखडा अमलांत आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन न झाल्यास मालकास नोटीस देतां येते, आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाचीं पावलें न पडल्यास आरक्षण उडतें. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडवून ठेवूं नये म्हणून हें कलम आहे, आणि तें न्याय्य आहे. परंतु २००७ च्या आराखड्याचीं दहा वर्षें केव्हांच उलटलीं. आतां प्रत्येक जण नोटीस देईल आणि पालिका प्रत्येक वेळीं गप्प बसेल, तर पुढील पिढीस दवाखान्यासाठीं हातभर जागा उरणार नाहीं. म्हणून पालिकेनें आरोग्याच्या आरक्षणांची यादी करावी, कोणत्या गटाची मुदत केव्हां संपते तें लिहावें, आणि योग्य मोबदला देऊन त्या जागा सर्वांआधीं ताब्यांत घ्याव्या. रस्त्याच्या डांबरापेक्षां ह्या खर्चाचा मान मोठा आहे. मोबदला वेळेवर मिळत असेल तर जमीनदारानेंही अडून बसूं नये, असें आम्ही आपल्याच लोकांस स्पष्ट सांगतों.

तिसरी गोष्ट ठेक्याची. हल्लीं पालिका बरींच कामें स्वतःच्या नोकरांकडून न करवितां ठेक्यानें देतात : सफाई, औषधफवारणी, रोगवाहिका, रक्ततपासणी, पहारेकरी. ठेका वाईटच असें आमचें मत नाहीं. वाडी खंडानें देणारा प्रत्येक शहाणा मालक खंडाच्या कागदांत काय लिहावयाचें तें जाणतो. झाडें किती, पाणी कोणीं द्यावयाचें, नुकसान कोणाचें, हें न लिहितां कोणी वाडी देत नाहीं. मग आरोग्याचा खंड मोघम कां? उदाहरणार्थ, धुराच्या फवारणीचें घ्या. डेंग्यूचा डास गटारांत न वाढतां घरांतील व घराभोंवतालच्या सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत, म्हणजे पिंपांत, टांक्यांत, टायरांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. धुरानें उडणारे डास मरतात, पाण्यांतील अळ्या मरत नाहींत. तेव्हां महिन्यांतून एकदां गल्लींतून धूर सोडणाऱ्यास फेरीप्रमाणें पैसे दिले, तर पैसे धुरास मिळतात. डासांचें फारसें बिघडत नाहीं. तोच ठेका आठवड्यास अमुक इतकीं घरें तपासणें, टांक्यांतील अळ्यांची नोंद ठेवणें, आणि त्या नोंदींपैकीं कांहीं घरें पालिकेच्या अधिकाऱ्यानें अचानक पुन्हां तपासणें, ह्या अटींवर दिला तर त्यांतून काम निघेल. सर्वांत कमी दराची निविदा घ्यावी हें ठीक. परंतु कमी दर कशाचा, हें आधीं लिहिलेलें असावें. ठेक्याची नक्कल, त्याची मुदत, दर व दंडाच्या अटी प्रभाग कचेरींत कोणासही पाहतां याव्या. त्या न दाखविल्यास २००५ चा माहिती अधिकाराचा अधिनियम आहेच. दहा रुपयांचा अर्ज हें फार महाग औषध नव्हे.

कोणी म्हणतील, आपल्याकडे खासगी डॉक्टर पुष्कळ आहेत, पालिकेच्या दवाखान्याची गरज कोणास? त्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, खासगी डॉक्टर रोगी आल्यावर उपचार करतो. रोगी होऊं नये म्हणून टांक्या तपासणें, मुलांस लस टोंचणें, पाण्याचे नमुने पाहणें हीं कामें त्याचीं नव्हेत. दुसरी, खासगी रुग्णालयाची नोंदणी करणें व त्यावर नजर ठेवणें हेंही १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाप्रमाणें स्थानिक संस्थेचेंच काम आहे. २३ एप्रिल २०२१ च्या पहांटे विरार येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि कोरोनाचे तेरा रोगी त्याच दिवशीं मरण पावले. तपासणी ही कागदाची बाब नसून जिवाची बाब आहे, हें त्या पहांटेनें शिकविलें. दुसरे म्हणतील, दवाखाने वाढले कीं घरपट्टी वाढेल. वाढूंही शकेल. पण चौदा गुंठ्यांच्या विक्रीशीं तिची तुलना करून पाहावी, म्हणजे स्वस्त काय नि महाग काय तें कळेल.

सरतेशेवटीं आपलें कर्तव्य. पालिकेकडे बोट दाखवितांना आपल्या वाडीकडेही पाहावें. वसईचें बावखल म्हणजे आपल्या पूर्वजांची दूरदृष्टि. पावसाचें पाणी तें पोटांत घेई आणि रहाटावर वाडी जगे. कित्येकांनीं तीं भराव घालून बुजविलीं आणि पावसाळ्यांत पाणी घरांत आलें म्हणून आतां आपणच रडतों. जीं उरलीं आहेत तीं गाळ काढून राखावीं व त्यांत गप्पी मासे सोडावे, म्हणजे डासांच्या अळ्या तेथल्या तेथें खाल्ल्या जातील. वापरांत नसलेल्या विहिरींचेंही तेंच. भाताच्या दिवसांत गमबूट व बॅटरी ह्यांस खताइतकेंच आवश्यक समजावें; पायास जखम असतां चिखलांत उतरल्यावर ताप आल्यास लेप्टोची शंका डॉक्टरांस बोलून दाखवावी.

आणि मागणी योग्य वेळीं करावी. पालिकेचें अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर व्हावयाचें असतें. जूनमध्यें तक्रार घेऊन जाणाऱ्यास वर्षभर थांबावें लागतें. म्हणून आमची सूचना अशी कीं, ह्या मंडळाच्या प्रत्येक गांवच्या सभासदांनीं दिवाळीनंतर एक दिवस एकत्र बसावें. गांवांत सरत्या पावसाळ्यांत तापाचे रोगी किती, सर्पदंश किती, त्यांस लस कोठें व किती तासांनीं मिळाली, जवळचा दवाखाना रात्रीं उघडा असतो कीं नाहीं, आरोग्याचें आरक्षण कोणत्या गटावर आहे व त्यावर आज काय उभें आहे, एवढें एका कागदावर लिहावें. त्या बैठकींत घरच्या बायकांस अवश्य बोलवावें, कारण घरांत कोण किती दिवस आजारी होतें हें पुरुषांपेक्षां त्यांस अधिक ठाऊक असतें. तो कागद सह्यांनिशी प्रभाग कचेरींत द्यावा, नगरसेवकास द्यावा, आणि पोंच घ्यावी. पोंच घेतल्याशिवाय दिलेला अर्ज दिलाच नाहीं असें समजावें. तीस वर्षांच्या कारकुनींत आम्ही जें कांहीं शिकलों त्यांतील हें सर्वांत उपयोगी आहे.

जमीन कां विकली ह्यास फेरफारांत रकाना नाहीं, आणि तो सरकार काढील अशी आम्हांस आशा नाहीं. तो आपणच आपल्या गांवच्या वहींत काढावा. तो रकाना पांच वर्षें नीट भरला गेला तर दवाखाना कोठें पाहिजे हें कोणासही विचारावें लागणार नाहीं.